लातूर–नांदेडहून महाकुंभ: एका यात्रा कंपनीच्या बससेवेचे परीक्षण

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाच्या तारखा जाहीर झाल्यापासून लातूर, नांदेड, परभणीकडच्या यात्रा कंपन्यांची पत्रके पुन्हा बसस्थानकांच्या भिंतींवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर दिसू लागली आहेत. यांतल्या बऱ्याच जणांनी २०२५ साली प्रयागराजच्या महाकुंभाला गाड्या नेल्या होत्या. अशाच एका गाडीने मी घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना घेऊन गेलो होतो, आणि त्या सेवेचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. तिचे गुण आणि दोष तिच्या एकटीचे नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक यात्रा याच साच्यात चालतात, आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारायचे हे वाचकाला कळले तर नावावाचून काही अडणार नाही.

पत्रकावर लिहिलेले असे: टू बाय टू पुशबॅक गाडी, दोन चालक, सकाळचा चहा-नाश्ता, दोन वेळचे घरगुती जेवण, धर्मशाळेत मुक्काम, माघी पौर्णिमेचे संगमस्नान आणि जोडीला काशी, अयोध्या व मैहर. माणशी १४,००० रुपये. निम्मे नोंदणीच्या वेळी, उरलेले गाडीत बसताना. गाडी लातूरहून निघून अहमदपूर, लोहा, नांदेड येथे प्रवासी घेत यवतमाळ, वर्ध्यावरून नागपूरला लागली, आणि तेथून सिवनी, जबलपूर, कटनी, मैहर, रीवा असा सरळ उत्तरेचा रस्ता धरला. लातूर ते प्रयागराज हे अंतर अकराशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुशबॅक खुर्चीवर एवढा प्रवास पासष्टीच्या पुढच्या माणसाला जड जातो, हे आधीच ओळखून घ्यावे. स्लीपर गाडीचे हजार-दीड हजार जास्त पडत असतील, तर ते द्यावेत.

जेवणाबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. आचारी, भाकरी थापणाऱ्या दोन मावशी आणि शिधा-भांडी घेऊन एक टेम्पो गाडीच्या मागोमाग येत होता. ८ फेब्रुवारीला जया एकादशी होती आणि निम्म्याहून अधिक प्रवासी माळकरी, त्यामुळे सिवनीच्या पुढे एका पेट्रोल पंपाच्या आवारात भगर, दाण्याची आमटी आणि उपवासाची बटाट्याची भाजी अशी पंगत बसली, तीही अकराच्या आत. दुसऱ्या दिवशी बारस सोडायला पुरणाचा बेत होता. तो रस्त्याने हाणून पाडला, तरीही कटनीच्या अलीकडे, ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या गाडीशेजारी टेम्पोचे फळकूट पाडून त्या मावशींनी पिठले, ज्वारीची भाकरी आणि खर्डा दिला. चुलीचा धूर पाहून शेजारच्या गाड्यांतील तेलंगणाकडची मंडळी भाकरी मागायला आली, आणि त्यांनाही ती मिळाली. आपल्या भागातील कंपनी निवडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. परमुलखात चार दिवस पुरी-भाजीवर काढल्यानंतर पोटाचे जे होते, ते तीर्थयात्रेत परवडत नाही.

चालकांच्या बाबतीत पत्रक आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला. दोन चालक असे लिहिले असले, तरी दुसरा म्हणून दाखवलेला तरुण हा क्लीनर होता आणि पहाटेच्या वेळी दोन-चार तास त्याच्याच हाती गाडी होती. प्रवाशांनी आवाज उठवल्यावर रात्री बारा ते चार गाडी उभी ठेवण्याचे ठरले, पण हे भांडून मिळवावे लागले. याच काळात, ११ फेब्रुवारीला, जबलपूरजवळ सिहोरा येथे कुंभाहून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या गाडीला प्राणघातक अपघात झाला होता. दुसऱ्या चालकाचे नाव, त्याचा अवजड वाहनाचा परवाना आणि रात्रीचा थांबा कोठे आहे, ही तीन उत्तरे नोंदणीच्या वेळीच घ्यावीत. विचारल्यावर यात्राप्रमुखाला राग आला, तर गाडी बदलावी.

आता तारखेविषयी. महाकुंभ १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ असा होता. त्यात मकरसंक्रांत, मौनी अमावास्या आणि वसंत पंचमी ही तीन अमृतस्नाने, तर पौष पौर्णिमा, माघी पौर्णिमा आणि महाशिवरात्र ही इतर मुख्य स्नाने. आपल्याकडच्या कंपन्या नेमकी यांतलीच एखादी तिथी पत्रकावर ठळक छापतात, कारण तिच्या नावावर गाडी भरते. परंतु मुख्य स्नानाच्या आधीपासूनच मेळाक्षेत्र वाहनबंद होते, जवळची रेल्वेस्थानके बंद ठेवली जातात, तरंगते पूल एका बाजूनेच चालू राहतात, आणि एरवी तासाभराचे चालणे अर्ध्या दिवसाचे होऊन बसते. मौनी अमावास्येला, २९ जानेवारीच्या पहाटे, संगमाजवळच्या चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानुसार ३० माणसे दगावली. माघस्नानाचे पुण्य महिनाभराचे मानले आहे. आपल्याकडेही संक्रांतीपासून गोदावरीवर जाणाऱ्या आयाबाया रोजच नदीवर जात, एका तिथीवर अडून राहत नसत. म्हणून दोन मुख्य स्नानांच्या मधला, तोही शनिवार-रविवार टाळून आलेला दिवस निवडणाऱ्या कंपनीला प्राधान्य द्यावे. आमच्या कंपनीने पौर्णिमेचा आग्रह धरला, आणि ९ फेब्रुवारीच्या रविवारी मध्य प्रदेशातून प्रयागराजकडे जाणाऱ्या रस्त्यावर जी कोंडी झाली तिच्यात आम्ही कटनीपासून रीव्यापर्यंत सापडलो. पोलिसांनी जागोजागी गाड्या थोपवून धरल्या होत्या आणि पुढे कधी सोडणार याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. या काळात सर्वांत हाल बायकांचे झाले. पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह मागे दोन किलोमीटरवर, पुढे किती अंतरावर हे माहीत नाही, अशी गत होती. त्यामुळे कित्येकींनी पाणी पिणेच सोडले, आणि हे आजारपणाला आमंत्रण असते. गाडीत कापडाचा आडोसा आणि चार काठ्या ठेवणे कंपनीला अशक्य नव्हते.

हे सारे सोसण्यासारखे होते. सेवेची खरी परीक्षा झाली ती गाडी वाहनतळावर लागल्यानंतर, आणि या परीक्षणाचा मुख्य मुद्दा तोच आहे. खुर्ची कशी, गाडीत एसी आहे का, जेवणात गोड काय, हे सगळे जण विचारतात. वाहनतळापासून पाण्यापर्यंत आम्हाला कोण, कोणत्या वाटेने आणि कसे नेणार, हे कोणीही विचारत नाही आणि कंपनीही त्याचा विचार करत नाही. रीव्याकडून येणाऱ्या गाड्या यमुनेच्या अलीकडे, नैनीच्या बाजूला थांबवल्या जातात. तेथून यमुनेवरचा पूल ओलांडून, शहरात शिरून, परेड मैदानावरून संगमाच्या टोकापर्यंत जायचे म्हटले तर जाऊन-येऊन दिवसभराची पायपीट होते. आमच्या यात्राप्रमुखाला ही एकच वाट माहीत होती. भगवा झेंडा उंच धरून "माउली, माझ्या मागं मागं या, कुणी रेंगाळू नका" एवढी सूचना देऊन तो निघाला, आणि पहिल्या तासातच पन्नास माणसांची रांग चार ठिकाणी तुटली. गुडघे दुखणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या माणसांसाठी वेगळी व्यवस्था काहीच नव्हती. दुचाकीवरून नेणारी स्थानिक मुले माणशी शेकडो रुपये मागत होती, आणि तीही पोलिसांच्या पुढच्या नाक्याअलीकडेच उतरवून देत.

पूल ओलांडण्याची गरजच नव्हती, हे पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका शिपायाने सांगितले. नैनीच्या बाजूलाच, संगमाच्या समोर, अरैल आहे. तेथे घाट आहे, सोमेश्वर महादेवाचे मंदिर आहे, कपडे बदलण्यासाठी कापडी खोल्या उभारलेल्या होत्या आणि पाण्यात कठडे लावलेले होते. प्रशासनही ध्वनिक्षेपकावरून ज्याला जो घाट जवळ त्यानेच तेथे स्नान करावे, असे सतत सांगत होते. झेंड्यामागे पुढे गेलेली निम्मी मंडळी रात्री उशिरा परतली. आम्ही वयस्कर माणसांना घेऊन अरैलकडे वळलो आणि दुपारी टेकायला जागा मिळेल अशा वेळी स्नान आटोपून बसलो. गर्दी तेथेही होती, परंतु पायाखाली घाट दिसत होता. ज्यांना अगदी संगमाच्या धारेतच बुडी मारायची असते, त्यांच्यासाठी एरवी अरैलहूनही नावा मिळतात. मुख्य स्नानाच्या दिवशी मात्र त्या बंद असतात. नावेचे भाडे बसण्यापूर्वी, माणशी की नावेचे आणि जाऊन-येऊन की एकाच बाजूचे, असे चारचौघांसमोर ठरवावे. हा सगळा तपशील नकाशा उघडून दहा मिनिटांत समजण्यासारखा आहे. लाखो रुपये गोळा करणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने तो पाहून ठेवला नव्हता, ही माझ्या लेखी या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे.

गळ्यात अडकवण्यासाठी कंपनीने ओळखपत्रे दिली होती. कल्पना चांगली, पण त्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत, देवाचे चित्र आणि खाली यात्राप्रमुखाचा एकच मोबाइल क्रमांक होता. गर्दीत फोन लागत नाही, आणि लागला तरी पन्नास जणांपैकी प्रत्येक जण त्याच क्रमांकावर धडपडत असतो. लोह्याच्या एक मावशी याच पायी चुकल्या. खोया-पाया केंद्रावरच्या मुलीने त्यांना मालकाचे नाव विचारले; मावशींनी पदर तोंडाला लावून "नाव कसं घ्यावं बाई," एवढेच सांगितले. शेवटी "महाराष्ट्र के लोहा गाँव की माताजी, हरी साड़ी" अशी हाक ध्वनिक्षेपकावरून गेली, आणि सुदैवाने ती त्यांच्या नणंदेच्या कानावर पडली. हरवलेल्यांना भेटवण्याचे हे काम प्रयागला जुने आहे. १९४६ सालापासून तेथे भुले-भटके शिबिर चालते आणि २०२५ मध्ये प्रशासनाची संगणकीकृत केंद्रेही होती. तेथील माणसे मनापासून धडपडतात. परंतु ओळखपत्रावर स्वतःचे नाव, नवऱ्याचे किंवा मुलाचे नाव, गाव, जिल्हा, घरचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि वाहनतळाचे नाव एवढे लिहिलेले असले, तर त्यांचे काम निम्मे होते. देवनागरीतच लिहावे, तेथे ते कोणालाही वाचता येते. वाहनतळाचे नाव पोहोचल्यावरच कळते, म्हणून पेन खिशात ठेवावे. विजेच्या खांबांवर क्रमांक आणि क्यूआर कोड लावलेले होते. "अमुक क्रमांकाच्या खांबाखाली थांबलो आहे" असे सांगितले की पोलिसालाही जागा नेमकी कळते. ४,००० हेक्टरांवर पसरलेल्या, २५ विभागांच्या आणि ३० तरंगत्या पुलांच्या त्या तात्पुरत्या नगरात "मोठ्या मंदिराजवळ, चहाच्या टपरीसमोर" अशा खुणेला काही अर्थ उरत नाही.

स्नानाच्या वेळी काय करावे हे कंपनीने सांगायला हवे होते, पण सांगितले नाही, म्हणून येथे देतो. पहाटेची थंडी मराठवाड्यातल्या माणसाला सोसवत नाही. पाण्यात शिरायचे तर ऊन अंगावर आल्यावर शिरावे, मुहूर्तासाठी छातीत कळ येऊ देऊ नये. नऊवारी भिजली की तिचे ओझे दुप्पट होते आणि वाळूवरून चालताना ती पायांत येते, त्यामुळे बुडीपुरती साधी सहावारी किंवा गाऊन बरा. पिशव्यांजवळ दोघांनी थांबावे आणि पाळीपाळीने जावे. पैसे रोख असावेत, कारण नेटवर्क नसले की फोनवरून पैसे जात नाहीत. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या गाडीच्या डिकीतल्या बॅगेत न ठेवता कमरेच्या बटव्यात ठेवाव्यात. आमच्या गाडीतल्या एका आजोबांच्या गोळ्या नैनीला आणि आजोबा परेड मैदानाजवळच्या मेळ्याच्या रुग्णालयात, असे झाले. तेथे उपचार मोफत आणि नीट मिळाले, हे नमूद करतो. आणखी एक गोष्ट भाविकांना आवडणार नाही, तरी सांगितली पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे ठेवलेल्या अहवालात अनेक वेळी घेतलेल्या नमुन्यांत विष्ठाजन्य जिवाणूंचे प्रमाण स्नानाच्या निकषांहून अधिक असल्याचे म्हटले होते. उत्तर प्रदेश सरकारने ते मान्य केले नाही. हा वाद तज्ज्ञांकडे सोडावा, पण आचमनाचे पाणी ओठांना लावून सोडून द्यावे, घोट घेऊ नये. घरी नेण्याचे गंगाजल झाकणाला रबर असलेल्या कॅनमध्येच भरावे. किनाऱ्यावर मिळणारे स्वस्त कॅन परतीत डिकीभर गळले आणि त्यात दोघांच्या गाद्या भिजल्या.

मुक्कामाविषयी थोडक्यात. प्रयागराजला "धर्मशाळेत" या शब्दाचा अर्थ गाडीत असा निघाला. काशीला धर्मशाळा मिळाली, स्वच्छही होती, पण घाटांपासून इतकी दूर की रिक्षाचे पैसे वेगळे मोजावे लागले. अरैलच्या बाजूचे पर्यटन विभागाचे तंबू चांगले असले, तरी त्यांचे दर आपल्या आवाक्याबाहेरचे होते.

अयोध्या रद्द झाली. कोंडीत वेळ गेल्याने ती होणार नाही हे सर्वांनाच कळत होते, आणि त्याबद्दल कोणी हुज्जत घातली नाही. परंतु तेथल्या मुक्कामाचे आणि डिझेलचे जे पैसे वाचले, त्यांतले काहीच परत मिळाले नाही. विचारले तेव्हा "देवाच्या कामात हिशोब नसतो, अण्णा" असे उत्तर मिळाले. नोंदणीच्या पावतीवर एवढे लिहून घ्यावे: एखादे ठिकाण वगळले गेल्यास माणशी किती परत मिळणार, आणि गाडी निघण्याआधी माणूस आजारी पडल्यास भरलेल्या पैशांचे काय होणार. तोंडी शब्दावर गावकीत बैल विकला जातो, यात्रेचे तसे करू नये. शिवाय प्रयागच्या जोडीला तीन ठिकाणे कोंबलेल्या यात्रेत गर्दीच्या वर्षी एखादे तरी गळतेच. केवळ प्रयाग आणि काशी, या दोहोंमधले सव्वाशे किलोमीटर धरून, शांतपणे करणारी यात्रा मिळाली तर ती घ्यावी. मैहरच्या शारदा देवीला हजाराहून अधिक पायऱ्या आहेत आणि रोपवेही आहे; परतीच्या थकव्यात बहुतेकांनी खालूनच हात जोडले.

एवढे असूनही ही सेवा टाकाऊ म्हणणार नाही. हिंदी न येणाऱ्या, एकट्याने रेल्वेचे आरक्षण न करू शकणाऱ्या आणि सोबतीशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या आपल्याकडच्या शेकडो बायकांसाठी प्रयागला जाण्याचा हाच एक रस्ता आहे. जेवण, सोबत, भजन आणि आजाऱ्याची गाडीत घेतलेली काळजी यांना मी पैकीच्या पैकी गुण देईन. प्रवासाच्या सुरक्षिततेला निम्मे. वाहनतळापासून पाण्यापर्यंतच्या नियोजनाला शून्य. चालणारी धडधाकट माणसे असतील तर रेल्वेने प्रयागराज छिवकी किंवा नैनी स्थानकाला उतरून स्वतःच्या बळावर अरैल गाठणे जास्त स्वस्त आणि सोपे पडते. सत्तरीच्या पुढच्या आई-वडिलांना एकटे या गाडीत बसवून देऊ नये, घरातला एक तरुण माणूस बरोबर द्यावाच.

नाशिकसाठी मात्र हिशोब वेगळा आहे. जाहीर झालेल्या तारखांप्रमाणे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी, आणि अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत. त्र्यंबकेश्वरचे तिसरे स्नान १२ सप्टेंबरला. दिवस पावसाळ्याचे, गोदावरीला पाणी आलेले, रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटा जुन्या पंचवटीतल्या अरुंद गल्ल्यांच्या, आणि त्र्यंबकचे कुशावर्त म्हणजे चारी बाजूंनी बांधलेले कुंड. प्रयागसारखे वाळूचे मोकळे मैदान तेथे नाही, त्यामुळे शेवटच्या चालण्याचा प्रश्न आणखी बिकट होणार. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर या स्थानकांवरून तपोवन आणि देवगिरी एक्सप्रेस थेट नाशिकरोडला जातात. स्थानकापासून रामकुंड नऊ-दहा किलोमीटर आणि नाशिकहून त्र्यंबक तीसेक किलोमीटर आहे. आमच्या त्याच कंपनीने सिंहस्थाच्या दोन दिवसांच्या यात्रेसाठी माणशी ४,५०० रुपये सांगितले आहेत. गाडी नाशिकच्या बाहेर कोठे थांबणार आणि तेथून रामकुंडापर्यंत कसे जायचे, असे मी फोनवर विचारले, तेव्हा "ते तिथं गेल्यावर बघू" असे उत्तर आले. नोंदणी केलेली नाही. अमृतस्नानाच्या तारखा सोडून, मधल्या एखाद्या मंगळवार-बुधवारी तपोवनने जाण्याचे घरात ठरले आहे.